“निवारा बेघरांसाठी आहे, अक्का!”

आमच्या कामाचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बाहेर सांगितले की लोक पोट धरून हसतात. मीही हसते आणि घरी गेल्यावर माझं डोकं तापतं.

जळगाव आणि धुळ्याच्या मधलं एक गाव समजा, नाव सांगत नाही. तिथे नगरपालिकेचं बेघरांसाठी निवारा केंद्र आहे. ते चालवते आमची संस्था, पालिकेच्या कंत्राटावर. संस्थेचे अध्यक्ष नाना. मी ऑफिस बघते, सलीमभाई केंद्राची देखरेख करतात आणि रुख्माअक्का स्वयंपाक. आम्हाला पगार नाही हं, मानधन! पगार म्हटलं की कायदा लागतो ना.

* * *

यंदा टेंडरमध्ये नवी अट आली, राबणाऱ्यांना किमान वेतन द्यायचं. आम्ही खूश! अक्कांचा घरमालक खोलीचं भाडं वाढवायला टपलेलाच होता. अक्कांनी त्याला रुबाबात सांगून टाकलं, “वाढाव रे भाऊ, आते काही भ्याव नही!”

नानांनी अट वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पण आपल्याकडे कामगार आहेतच कुठे? सगळे सेवाभावी कार्यकर्ते!”

सगळ्यात कमी दर भरला. काम मिळालं. पेढे वाटायला आम्हीच!

* * *

मी तणतणत पालिकेत गेले. साहेब गोड बोलले, “ताई, अट आम्ही घातलीय. पाळायची संस्थेने.”

नानांकडे आले, तर ते म्हणाले, “पालिका इतक्या कमी दरात काम करून घेते. मी कुठून पाळू?”

अहो, दर भरला कुणी? आणि एवढ्यात माणसांचं भागणार नाही हे दिसत असून सही केली कुणी? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! वर दोघंही हात जोडून बोलतात, म्हणजे धड भांडायचीही सोय नाही.

* * *

कामगार नाहीत म्हणणाऱ्या नानांनी कामगार दिन मात्र थाटात केला. खानदेशातला मे महिना, पत्र्याचं शेड, पंखा बंद. भाषण झालं, “सेवेचं मोल पैशात होत नाही!” आणि नानांनी घामाने निथळणाऱ्या अक्कांसमोर लोकरीची शाल आणि नारळ धरला.

अक्का माइकसमोरच म्हणाल्या, “नाना, शाल ऱ्हाऊ द्या. नारय द्या, चटणी तरी व्हई!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालही दिलीच.

* * *

मग बचतीचं प्रशिक्षण. पगारवाढ नाही, पण ट्रेनर थेट पुण्याहून! तो म्हणाला, “छोटे खर्च सोडा. रोजचा बाहेरचा चहा सोडलात तरी फरक पडेल.”

सलीमभाई उठले. “सर, बाहेरची चाय कधीच सोडली. इथेच पितो.”

“उत्तम! म्हणजे ऑफिसचा चहा?”

“नाही, बेघरांसाठी येतो त्यातला.”

नाना तातडीने आभार मानायला उठले.

* * *

हिवाळ्यात घरमालकाने भाडं खरंच वाढवलं. अक्कांना झेपेना. खोली सोडायची वेळ आली तेव्हा त्या नानांना म्हणाल्या, “नाना, दुसरी खोली भेटस तोवर सयपाकघरमा पडी राहू का?”

नाना कळवळले. अगदी डोळे ओले झाले त्यांचे. म्हणाले, “अक्का, नियमात बसत नाही हो. कर्मचाऱ्यांना मुक्काम नाही. निवारा बेघरांसाठी आहे!”

मी टेबलावर हात आपटला. नानांनी मला पाणी दिलं.

* * *

त्याच आठवड्यात थंडी कडाडली आणि पालिकेची मोहीम निघाली, रस्त्यावरच्या बेघरांना निवाऱ्यात आणायची. कंत्राटी पोरं, नवी जीप. संध्याकाळी स्टँडवर त्यांना एक म्हातारी दिसली, पत्र्याच्या पेटीवर बसलेली, अंगावर लोकरीची शाल. दुपारी खोली सोडून, पेटी भडगावला भावाकडे पाठवावी म्हणून ती गाडीची वाट बघत होती.

पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं. पोरं म्हणाली, “चला आजी, झोपायला जागा आहे, गरम जेवण मिळेल.”

म्हातारीने विचारलं, “जेवन कोन रांधस तठे?”

“आहे एक बाई.”

म्हातारी पेटीसह जीपमध्ये चढली.

निवाऱ्याच्या दारात साहेब, नाना, पेपरवाला, सगळे हजर. जीपमधून उतरली ती आमची रुख्माअक्का! नानांचा चेहरा पडला. साहेब काही तिला ओळखत नव्हते. त्यांनी पालिकेचं ब्लँकेट तिच्या हातात दिलं, एक टोक स्वतः धरून ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. पेपरवाला म्हणाला, “आजी, जरा वर बघा.”

अक्कांनी वर बघितलं आणि म्हणाल्या,

“साहेब, फोटू बिगीबिगी काढा. बठ्ठा लोकेसना सयपाक मालेच करना शे.”