अनुक्रमांक एक

नवऱ्याने बायकोचं नाव सांगितलं, की विवाह नोंदणीचे कारकून मोहितेकाका हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. समोर ओढणी नाकापर्यंत ओढलेली नवी नवरी, शेजारी नवरा, मागे सासरा, दीर आणि साक्षीला म्हणून आलेला अर्धा गाव. "लिख लो साहब, रामजीलाल की घरवाली," नवरा पुन्हा सांगायचा. काका ढिम्म. मग शांतपणे म्हणायचे, "घरवाली कोई नाम नहीं होता, भाई. अपना नाम ये खुद बोलेंगी. पीहर वाला." पीहर म्हणजे माहेर. सासरा खाकरायचा, रांगेत कुजबुज व्हायची, माझ्या पोटात भुकेने कावळे ओरडत असायचे. शेवटी ओढणीआडून कमला की विमला असं काहीतरी बारीक आवाजात यायचं, की काका पेन उचलायचे. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "ठीक है?" तिथेही मान हलवून चालत नसे. तोंडाने 'ठीक है' म्हणावं लागे.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा म्हातारा चक्रम आहे. नंतर नंतर खात्रीच पटली.

आमच्या ह्यांची पोस्टिंग जयपूरला झाली आणि मुलगी दिवसभर शाळेत जायला लागली, तेव्हा क्वार्टरच्या चार भिंतींकडे बघून मी वेडी व्हायची वेळ आली होती. बस्सी गावाच्या पुढे एका पंचायतीच्या कचेरीत विवाह नोंदणीची जुनी रजिस्टरं कंप्युटरवर चढवायचं कंत्राटी काम निघालं, ते मी घेतलं. रोज आग्रा रोडची बस, अंगभर धूळ, आणि कचेरीत मराठीचं अक्षर नाही. पहिल्याच दिवशी मी ह्यांना फोनवर झापत होते, गॅस बंद केला का म्हणून. मागून आवाज आला, "साताऱ्याकडची का तुम्ही?" वळून बघते तर पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्यावर मोजून चार केस.

"कोरेगावची. तुम्ही?"

"मी जयपूरचा. मतलब, आजोबा साताऱ्याचे. मला मराठी येते," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "वापरायला माणूस नाही."

आईवडील गेल्यावर जवाहर नगरातल्या वडिलांच्या घरात ते एकटेच राहत. डबा खाऊन झाला की माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढायचे. "बेटा, दहा मिनिट मराठी बोल."

"काय बोलू?"

"काही पण. सासूची तक्रार कर, चालेल."

मी ती आनंदाने करायचे. काका डोळे मिटून ऐकायचे. मध्येच एखादा शब्द अडवायचे. 'कढीलिंब' म्हटलं की म्हणायचे, "हां, आई असंच म्हणायची." एवढ्यावर त्यांची दुपार भागायची. मला कधी कधी त्यांचा राग यायचा, की इतक्या थोडक्यात कसं काय भागतं या माणसाचं!

कामात मात्र देवमाणूस. लोक जुन्या दाखल्यासाठी यायचे आणि लग्नाची तारीख कुणालाच ठाऊक नसायची. ठाऊक कशी असेल? तिकडे आखातीजला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, मुहूर्त बघावा लागत नाही. एकेका गावात त्या दिवशी लग्नांची नुसती रांग. साल विचारलं की म्हातारी आभाळाकडे बघायची. काका साल विचारतच नसत. "वरात उंटावरून आली की ट्रॅक्टरवरून? जेवताना आंधी आली होती का? मांडव उडाला होता का?" मांडव उडाला म्हटल्यावर काका उठायचे, रजिस्टरांच्या लाल फडक्यातल्या गाठोड्यांपैकी एक बरोबर उचलायचे, पानांमधला वाळका कडुलिंबाचा पाला बाजूला करायचे आणि बोट ठेवायचे. "ये लो माँजी, आपका ब्याह." कंप्युटरला हे डोंबल येणार होतं!

माझं काम शेवटच्या गाठोड्याशी आलं तेव्हा काकांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. सर्वांत जुनं रजिस्टर ते मला देत नव्हते. आज देतो, उद्या देतो. एकदा ते साहेबांकडे गेले असताना मी सरळ उचललं आणि पहिलं पान उघडलं. अनुक्रमांक एक. वर: सदाशिव मोहिते. वधू: वसुंधरा. अक्षर त्यांचंच, फक्त तरुण.

"काका! तुमचं लग्न झालंय?" ते आत येताच मी ओरडले. माझा स्वभावच असा, तोंडाला झाकण नाही.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "हे चढवू नको अजून. त्यात नाव चूक आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घर जयपूरला, पण सून साताऱ्याकडचीच हवी, म्हणून वाई तालुक्यातून मुलगी आणली. तिचं नाव सुलोचना. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात, तसं काकांनी अंगठीने लिहिलं, 'वसुंधरा'. ती हळूच म्हणाली, "माझंच राहू दे ना." सगळे हसले. काकाही हसले. परत आल्यावर नव्या नोकरीच्या हौसेने त्यांनी नव्या रजिस्टरात पहिली नोंद आपलीच केली आणि वधूच्या रकान्यात तांदळातलं नाव लिहून टाकलं. माहेरचं लिहायचं असतं हे कळत होतं, तरी.

"चार वर्षं राहिली. हिंदी येत नव्हती तिला. बाहेर कोणी नाही, घरात आई बोलवायची वसुंधरा, मी बोलवायचो वसुंधरा. ती लवकर वळायचीच नाही. आई म्हणायची, बहिरी आहे. मग तिचे वडील आजारी पडले, ती गेली. जाताना बोलली, तिकडे मला माझ्या नावाने हाक मारतात. मला वाटलं, मतलब, राग आहे, जाईल. नाही आली."

"आणायला गेला नाहीत?"

"गेलो ना. पुण्यापर्यंत. स्वारगेटला दोन तास बसलो. मग परत आलो."

कपाळ माझं! "आणि पत्रबित्र?"

त्यांनी खालचा खण उघडला. तिथेही लाल फडक्याचं गाठोडं. दर दिवाळीला एक पत्र, आणि प्रत्येक पत्र परत आलेलं. पाकिटांवर पोस्टमनचा शेरा, 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही'. काका म्हणाले, "तिनेच सांगितलं असेल पोस्टमनला."

मी पाकिटं उलटीपालटी केली. एकूण एक पाकिटावर, सुवाच्य अक्षरात: सौ. वसुंधरा सदाशिव मोहिते.

खरं सांगते, मला हसावं की रडावं कळेना. वडील गेल्यावर ती गावातच अंगणवाडीशेजारी खोली घेऊन राहते, एवढं काकांच्या कानावर होतं. त्या गावात वसुंधरा मोहिते कोण ओळखणार? पत्र तिच्या हातात कधी पडलंच नव्हतं! ती तिकडे समजत असणार की या माणसाने आयुष्यात दोन ओळी लिहिल्या नाहीत.

"काका, अख्ख्या तालुक्याच्या बायकांना अडवून माहेरचं नाव विचारता, आणि स्वतःच्या बायकोचं लिहिताना हाताला काय लकवा भरतो?" मी तडकलेच.

"ते नाव लिहिलं तर मतलब..." त्यांनी एक पाकीट पालथं घातलं. "मतलब ती माझी कोणी नाही, असं मीच लिहून दिल्यासारखं."

मी पाकिटं गोळा करून पुन्हा फडक्यात ठेवली.

पण वेळ नव्हता. जुन्या नोंदी एकदा कंप्युटरवर पक्क्या झाल्या की कायमचं कुलूप, आणि दुरुस्तीच्या अर्जावर नवराबायको दोघांची सही लागत होती. मी अर्ज छापला, पाकीट पुढे केलं. त्या दिवशी काकांनी पेन तीनदा टेबलावर आडवं ठेवलं. चौथ्यांदा लिहिलं, 'श्रीमती सुलोचना बाबूराव कदम'.

दहा दिवसांनी उत्तर आलं. अर्जावर सही, खाली मोबाइल नंबर, बाकी काही नाही. काकांनी पाकीट उलटं करून झटकलं. पुन्हा आत बोट घालून पाहिलं. मी मुद्दाम कंप्युटरकडे बघत राहिले.

साहेबांना सही पुरली. काकांना पुरेना. "बाईने स्वतः बोलायला पाहिजे. माझा नियम आहे." नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला तरी हेच. शेवटी मीच नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि रजिस्टरापाशी ठेवला.

"हॅलो?" बाईंचा आवाज भारदस्त होता.

काकांनी घसा साफ केला. "विवाह नोंदणीतून बोलतोय. अनुक्रमांक एक. वधूचं नाव सांगा. माहेरचं."

तिकडून मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. मग कुठलंतरी दार लागलं आणि गलका थांबला. काकांचं पेन टेबलावर आडवं. त्यांची नजर मात्र या वेळी खिडकीबाहेर नव्हती, फोनवर होती.

"सुलोचना बाबूराव कदम," बाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या.

काकांनी 'वसुंधरा'वर लाल रेघ मारली, वर नवं नाव लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे." मग जरा वेळाने, "ठेवू?"

"हां. मतलब... हां."

एवढंच. मी संडासात जाऊन रडून घेतलं. परत आले तेव्हा काका रजिस्टरात ताजा पाला घालत होते. मला खूप बोलायचं होतं. बोला की त्यांच्याशी, पत्र लिहा, गाडीत बसा आणि या वेळी स्वारगेटच्या पुढे जा. काका नुसतं म्हणाले, "नोंद दुरुस्त झाली बेटा. बाकीचं दुरुस्तीत येत नाही."

पुढच्याच महिन्यात आमची बदली पठाणकोटला झाली. निघायच्या दिवशी काका स्टेशनवर आले. गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्याशी मराठीत अखंड बडबडले, सासूपासून शेजारणीपर्यंत. ते डोळे मिटून ऐकत उभे होते. त्यानंतर मी महिन्यातून एकदा फोन करायचे. मग दोन महिन्यांतून. आता मनाला फार लागतं ते.

या हिवाळ्यात त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मोहितेजी झोपेतच गेले. मृत्यूच्या दाखल्यात पत्नीचं नाव लिहायचंय, इथे सगळ्यांना वसुंधरा ठाऊक आहे, तेच लिहू ना? मी म्हटलं, "त्या नावाचं कुणी नाही. लिहा, सुलोचना."

मग बाईंना मीच फोन केला. कोण, कुठली सांगून झालं, आणि मी म्हटलं, "काका गेले."

मी वाट पाहिली. वाट पाहायला मी काकांकडेच शिकले होते.

"तो नोंदणीचा फोन झाला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं होतं, आता ते मला माझ्या नावाने एकदा हाक मारतील. रजिस्टरातून वाचलं, पण हाक काही मारली नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "मी तरी कुठे मारली? आपल्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच."

आमच्या ह्यांचं नाव मीही घेत नाही.

"सदाशिव," बाई म्हणाल्या. जरा मोठ्याने, कुणीतरी दुसऱ्या खोलीत असावं तसं. "अहो सदाशिव."

आणि मग त्या ऐकत राहिल्या. मीही फोन ठेवला नाही.