दुपारपुरती खोली

आमच्या एमआर लोकांच्या बॅगेत सॅम्पल कमी आणि किस्से जास्त असतात. सॅम्पल निदान वाटून संपतात. किस्से वाटले तरी परत दुसरे येऊन बसतात. माझ्याकडचा निम्मा साठा तर एकाच ठिकाणचा आहे. धुळ्यातल्या बसस्टँडमागचा एक लॉज. आणि वेळ दुपारची!

लॉज आणि दुपार म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, मला माहीत आहे. म्हणून आधी धंद्याची अडचण सांगतो. औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, म्हणजे एमआरला, डॉक्टर भेटतात ते ओपीडीत. ओपीडी सकाळी असते आणि संध्याकाळी असते. मधल्या वेळात डॉक्टर घरी जेवून आडवे होतात. मी जळगावचा, धुळ्यात आलो की मी कुठे आडवा होऊ? त्यात आपला खानदेशचा मे महिना, अंगात फुल शर्ट, गळ्यात टाय. बसस्टँडच्या बाकड्याला टेकलं तर पाठीला इस्त्री लावल्यासारखं व्हायचं.

यावर तोड काढली वाणीभाऊंनी. वाणीभाऊ दुसऱ्या कंपनीचे, पण आमच्यात सगळ्यांत सीनियर, आणि गुरू सगळ्यांचेच. एका दुपारी ते आम्हा तिघांना घेऊन त्या लॉजच्या काउंटरवर गेले. तिथले मॅनेजर नाना कपाळावर चष्मा चढवून बसले होते.

"नाना, संध्याकाळपर्यंत एक खोली द्या."

"खोली लोक रात्रीची घेतात. दुपारी कोण घेतं?"

"दुपारी ती खोली काय करते?"

नानांनी वळून किल्ल्यांच्या बोर्डाकडे पाहिलं. "काय करणार? रिकामी पडून राहते."

"मग आम्हीपण तिच्यासोबत पडून राहतो!"

नाना हसले आणि किल्ली काढून काउंटरवर ठेवली. तेव्हापासून धुळ्याला गेलो की ती खोली आमची.

*

हे घरी कळलं, तो प्रसंग वेगळाच!

दुपारी बायकोचा फोन आला. "कुठे आहात?"

मी पटकन खरं बोलून गेलो. "लॉजवर."

"दिवसाढवळ्या?"

"अगं, एकटा नाही. चौघं आहोत!"

"चौघं?" तिचा आवाज चढला. तेवढ्यात शेजारच्या पलंगावर वाणीभाऊंनी घोरायला सुरुवात केली. त्यांचं घोरणं म्हणजे आटलेल्या विहिरीवरची मोटर. आधी नुसती हवा ओढते, मग गुळण्या करते, आणि एकदम भळाभळा पाणी सोडते. बायको बराच वेळ ऐकत राहिली.

"कोण आहे ते?"

"वाणीभाऊ."

"अगं बाई! किती दमलेत बिचारे. तुम्ही फोन ठेवा आधी, जाग येईल त्यांना!"

त्यानंतर ती मला दुपारी फोन करत नाही. आणि माझ्या डब्यात वांग्याचं भरीत दोन माणसांचं यायला लागलं. एक माझं, एक दमलेल्या वाणीभाऊंचं!

*

वाणीभाऊंना मी गुरू का म्हणतो, ते सांगतो.

माझ्या कंपनीनं ब्लडप्रेशरची नवी गोळी काढली होती. धुळ्यातल्या एका बड्या डॉक्टरांनी खूप महिन्यांनी भेटीची वेळ दिली, नेमकी संध्याकाळची. आणि दुपारी मला सणकून ताप भरला. उठलो की खोली फिरायची. वरचे साहेब आधीच माझ्यावर नाराज होते. ही भेट हुकली तर आपलं काही खरं नाही, हे मला त्या तापातही कळत होतं.

वाणीभाऊंनी ओल्या रुमालाची घडी माझ्या कपाळावर ठेवली. मग माझी बॅग उघडली आणि त्या गोळीचं माहितीपत्रक वाचत बसले. गंमत म्हणजे अगदी तशीच गोळी त्यांच्या कंपनीचीपण होती. ती खपवण्यावर त्यांचं पोट होतं!

"भाऊ, काय करताय?"

"अभ्यास. झोप तू."

पुढचं मला डॉक्टरांच्या कंपाउंडरनं सांगितलं. वाणीभाऊ माझी बॅग घेऊन केबिनमध्ये गेले आणि माझी गोळी कशी चांगली, ते समजावून सांगायला लागले. डॉक्टर चक्रावले.

"वाणी, कंपनी बदलली का?"

"नाही सर. ज्याची गोळी आहे तो तापानं पडलाय."

"पण तुमचीपण हीच गोळी आहे ना? तिचं काय?"

"तिचं पुढच्या भेटीत सांगतो सर. आज मी त्याचा एमआर आहे!"

डॉक्टरांनी माझी गोळी लिहायला घेतली. पुढच्या भेटीनंतर वाणीभाऊंचीपण!

*

शुभांगी मॅडम आमच्या टेरिटरीतल्या पहिल्या बाई एमआर. सुरुवातीला त्या शिरपूरला गेल्या तेव्हा तिथल्या एका हॉटेलात दुपारपुरती खोली मागितली. काउंटरवरच्या माणसानं त्यांना खालून वर पाहिलं.

"सोबत कोण आहे?"

"ऊन आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याला बाहेर ठेवायचंय, म्हणून तर खोली पाहिजे!"

त्यानं खोली दिली नाही. मॅडमनी ती दुपार एका मेडिकल स्टोअरच्या पायरीवर काढली. हे सांगताना त्या हसत होत्या, पण पाण्याची बाटली हातात घट्ट धरली होती. वाणीभाऊ म्हणाले, "धुळ्यात आमच्या नानांकडे विचारून बघा."

धुळ्यात काउंटरवर त्या जरा कडक आवाजातच बोलल्या. "मला दुपारपुरती खोली पाहिजे. मी एकटी आहे."

नानांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. आम्ही जिन्याशी कान देऊन उभे.

"पंखा चालेल, की कूलर लावून देऊ?"

बस्स. एवढाच प्रश्न!

*

मग मॅडमना बाळ झालं. बाळंतपणाची रजा संपवून त्या परत कामावर आल्या, बाळ पाचोऱ्याला सासूबाईंजवळ. आता दुपारची खोली त्यांना आरामासाठी नको होती. बाळासाठी दूध काढून ठेवायचं आणि संध्याकाळी बर्फाच्या डब्यातून घरी न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत ते दूध ठेवायचं कुठे? धुळ्याच्या उन्हात बर्फ टिकतो किती!

हे नानांना सांगायचं कसं, याचा त्यांनी म्हणे बसमध्ये सगळा वेळ विचार केला. शेवटी एका दमात सांगून टाकलं. नानांनी मान हलवली, किचनमध्ये गेले, फ्रीजचा वरचा अख्खा कप्पा रिकामा करून पुसून घेतला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून कागद चिकटवला : 'मालकांचं दूध. कोणी हात लावू नये.'

लॉजचा आचारी घाबरला. नोकरीला लागल्यापासून त्यानं मालक कधी पाहिलेच नव्हते.

"नाना, मालक कधी आले? कुठे उतरलेत?"

"मालक पाचोऱ्याला असतात."

"मग स्वभावानं कसे आहेत?"

"तसे शांत," नाना म्हणाले. "पण भूक लागली की कोणाचं ऐकत नाहीत. अजून दात यायचेत!"

*

एकदा ऐन लग्नसराईत नानांनी आमच्या दारावर थाप मारली. साक्रीकडे निघालेली वऱ्हाडाची गाडी स्टँडजवळ बंद पडली होती. लग्न गोरज मुहूर्ताचं, नवरी उन्हात बसलेली, आणि लॉजमध्ये एकही खोली शिल्लक नाही.

वाणीभाऊ मोटर बंद करून ताडकन उठले. आम्ही चौघं बॅगा घेऊन जिन्यात. नवरी, तिची आई आणि मावश्या आत गेल्या. आई सारखी डोळ्यांना पदर लावत होती. मुहूर्त हुकतो की काय, ही धास्ती.

थोड्या वेळानं एक मावशी बाहेर आली. "पोरीनं डोकं दुखी ऱ्हायनं. गोळी शे का कोनापान?"

जिन्यात चार एमआर! चारही बॅगा एकदम उघडल्या. चार कंपन्यांच्या डोकेदुखीच्या चार पट्ट्या पुढे झाल्या आणि प्रत्येकजण आपलीच कशी बरी ते सांगायला लागला. मावशी गांगरली. तेवढ्यात दारात शालू नेसलेली नवरीच येऊन उभी राहिली.

"भांडू नका," ती म्हणाली. "आत्ता एक खाते. बाकीच्या राहू द्या, सासरी लागतील!"

तिची आई रडता रडता हसायला लागली. गाडी दुरुस्त झाली, मुहूर्त गाठला. नवरीच्या पर्समध्ये चारही कंपन्या होत्या!

*

आणि मागच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

आम्ही दुपारी वर आलो तर शेजारच्या खोलीच्या बंद दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारेबाबा बसलेले. धोतर, टोपी, दोन्ही हात काठीवर. आमच्या बुटांचा आवाज ऐकून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चवड्यांवर चालायला लागलो.

वाणीभाऊ खाली वाकून कुजबुजले, "आबा, आत कोण आहे?"

"म्हतारी मनी. झोपेल शे."

साक्रीच्या बाजूचं गाव त्यांचं. त्यांच्या बायकोचं, आजींचं, ब्लडप्रेशर उतरत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध एकटं पुरणार नाही, दुपारची झोप पाहिजे. पण घरात मुलं, सुना, नातवंडं, दारात म्हैस.

"सुना चांगल्या शेतस," आबा म्हणाले. "बठ्ठ्या सांगतस, झोपा. पन दारमा पाव्हना उना, का ही उठनीच! दिवसा आंग टाकानी तिले लाज वाटस."

म्हणून आबा बाजाराच्या दिवशी तिला 'तपासणीला नेतो' सांगून धुळ्याला आणायचे आणि दुपारपुरती इथे झोपवायचे. घरात कोणालाच माहीत नव्हतं. खुद्द आजींनासुद्धा ते सांगायचे, की डॉक्टर संध्याकाळी येणार आहेत, तोवर जरा पड.

व्हरांड्यात झळा येत होत्या. आबांच्या टोपीची कड घामानं भिजली होती. शुभांगी मॅडमना राहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "आबा, आत दोन पलंग आहेत, कूलर आहे. तुम्ही इथे उन्हात कशाला बसता? आत जाऊन बसा ना."

आबांनी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि आवाज आणखी खाली आणला.

"मी आत बसनू, का ती उठी बसस. आनी इचारस, 'तुमले चहा मांडू का?'"