दातोबांच्या काचा

दातोबांच्या तोंडात एकही दात नव्हता. दातांवर संशोधन करणाऱ्या माणसाचं असं रिकामं तोंड बघून नागावात आधी बरंच हसू झालं. रेवदंड्याहून मासे घेऊन येणारी जनी कोळीण तर पाटी उतरवायच्या आधीच विचारायची, "दातोबा, तुमचं दात कुनी नेलं?" ते शांतपणे म्हणायचे, "मीच नेले. बघायचेत?" आणि खरंच आतून एक लाकडी पेटी घेऊन यायचे. पेटीच्या खाचांत काचेच्या पट्ट्या उभ्या असत आणि प्रत्येक पट्टीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी एकेक चकती आणि नंबराची चिठ्ठी. आधी किडलेले, मग हलणारे, शेवटी धडधाकटसुद्धा, असे स्वतःचे सगळे दात काढून घेऊन त्यांनी ते कापून पाहिले होते. "पहिले बत्तीस घरचेच," ते सांगायचे. "येडा हाय म्हातारा," जनी म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून ती त्यांना काट्याचा मासा विकेनाशी झाली.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा. दातोबा आधी मुंबईत दातांच्या डॉक्टरांना शिकवायचे. तिथे वरच्यांशी त्यांचं बिनसलं आणि ते आमच्या वाडीच्या कडेच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. खिडकीत बरण्यांची रांग. एकीत चहा, एकीत कोकमाचं आगळ, एकीत हळदीचं पाणी, आणि प्रत्येकीत त्यांनी बनवलेल्या कवळीचा एकेक तुकडा. कुठल्या मिश्रणावर डाग पडतो, कुठलं टिकतं, ते बघत असत. दात भरायच्या सिमेंटच्या गोळ्या त्यांनी सुंभाला बांधून आमच्या विहिरीत सोडल्या होत्या. आमच्या सासूबाईंच्या मते त्यामुळे विहीर बाटली. मग दातोबांनी त्यांना झकास कवळी करून दिली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चकली मोडून खाल्ली आणि विहीर आपोआप शुद्ध झाली.

मी त्यांच्याकडे कामाला कशी लागले, ते सांगण्यासारखं आहे. एकवीस वर्षांची होते, मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेली, आणि गावात आपल्याएवढं हुशार कुणी नाही याची मला पक्की खात्री होती. दाताचा कापलेला तुकडा काचेवर, पाणी आणि बारीक भुकटी घालून, बोटानं घासत पातळ करायचा असतो. खाली वर्तमानपत्र धरलं आणि अक्षरं वाचता आली की थांबायचं. दातोबांचा हात थरथरायचा, तुकडे मोडायचे. एकदा त्यांनी मला देवासाठी गंध उगाळताना पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "सूनबाईंना दुपारी मोकळं कराल का? हात चांगला आहे." झालं! अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून मी रोज दुपारी त्यांच्या पडवीत दात उगाळायला बसू लागले. तोंड असं काही गंभीर करायची, की जणू माझ्यावाचून विज्ञान अडलंय.

आमच्या ह्यांची एक दाढ दुखायची. दातोबांनी ती काढली, मधोमध चिरली. अर्धी बाटलीत ठेवली आणि अर्धी माझ्यापुढे. हे गाल धरून समोर बसले होते. बधिर करायची सुई दिलेली होती, ओठ एका बाजूला लोंबत होता. तसंच बोबडं बोलले, "नवऱ्याला उगाळतेस? जरा बेतानं."

"हलू नका," मी म्हणाले. "विज्ञान चाललंय."

ती काच अप्रतिम निघाली. दातोबांनी सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अशी मला बारा वर्षांत मिळाली नाही." दातावरच्या कवचात, झाडाच्या खोडात असतात तशा, वाढीच्या बारीक रेषा होत्या. त्यात एक ठळक, तपकिरी. लहानपणीचं मोठं दुखणं दातात असं कायमचं उमटून राहतं, हेच त्यांना मुंबईच्या सभेत दाखवायचं होतं. दोन महिन्यांनी सभा होती. ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, तेच समोर बसणार होते.

त्याच महिन्यात हे नारळ घेऊन मचव्यातून मुंबईला निघाले. मचवा उलटला. दोघे पोहून आले, त्यांनी ह्यांना बुडताना पाहिलं होतं. ह्यांचा देह मिळाला नाही.

पुढचं मला दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखं आठवतं. मी रडले नाही. भात शिजवायची, वाढायची, ताटं उचलायची. बायका म्हणायच्या, हिला रडवा. मला आठवतं ते एवढंच, की पाटावर एक मुंगी चालली होती आणि मी ती बघत होते.

भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन करू, पण शरीराचं काही असतं, हाड, एखादा दात, तर बरं झालं असतं. सासूबाई उठल्या आणि थेट दातोबांच्या पडवीत गेल्या. मी मागे. "डॉक्टर, माझा मुलगा द्या," त्या म्हणाल्या.

दातोबांनी बाटलीतली अर्धी दाढ लगेच त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"आणि दुसरी?"

त्यांनी पेटी उघडली आणि ती काच समोर ठेवली. "ही पण देतो. काचेवरून सोडवून देतो. पण आधी सूनबाईंना विचारतो. तुम्हाला काय वाटतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"तिला काय विचारता? तिला सध्या काही कळतंय का?"

"म्हणूनच थांबू या," दातोबा म्हणाले. "सुई दिल्यावर आम्ही सांगतो, बधिर आहे तोवर काही चावू नका. माणूस आपलाच गाल चावतो आणि त्याला कळतही नाही. ही सांगेपर्यंत काच इथेच राहील. मी ती कुणाला दाखवणार नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. अर्धी दाढ पदरात बांधली आणि निघाल्या. पुतळ्यात ती ठेवली. सगळं रीतसर झालं.

दातोबा त्या काचेशिवाय सभेला गेले. परत आले तेव्हा मी पडवी झाडत होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पुरावा दाखवा."

"मग?"

"मग चहा प्यायलो."

एवढंच. मी मान हलवली आणि झाडत राहिले. आता आठवलं की तेव्हा मी होते त्या मुलीच्या डोक्यात तोच केरसुणीचा बुडखा घालावासा वाटतो. एक माणूस तिच्यापायी हात हलवत परत आलाय आणि ही आपली कोपऱ्यातला कचरा शोधतेय!

त्यांनी कधी सांत्वन केलं नाही. दुपार झाली की माझ्यापुढे तुकडा सरकवायचे, बस. बोलायचे ते हाडांबद्दल, दातांबद्दल. "हाड मोडलं तर आतून भरून येतं. दाताला ती सोय नाही. बाहेरून काहीतरी भरायचं आणि जेवायला बसायचं," असं सिमेंट घोटता घोटता म्हणायचे. ते मला उद्देशून होतं का, कोण जाणे. बहुतेक सिमेंटला असावं.

वर्ष उलटलं. सासूबाईंची कवळी टोचू लागली, म्हणून त्या पडवीत आल्या होत्या. दातोबा कवळी घासत होते. त्या एकदम म्हणाल्या, "ती काच दाखवा."

त्यांनी यंत्र उन्हात सरकवलं. सासूबाई वाकल्या. "हा पट्टा कसला?"

"ताप. चार-पाच वर्षांचा असताना मोठा ताप आला असणार."

"गोवर," सासूबाई म्हणाल्या. कवळी नसल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. "एकवीस दिवस मांडीवर होता." त्या डोळा लावून तशाच राहिल्या. ऊन सरकलं तसा दातोबांनी आरसा फिरवला. पुन्हा सरकलं, पुन्हा फिरवला. शेवटी त्या सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, "आता तूच सांग. सोडवून समुद्रात सोडू या?"

मी वाकून बघितलं. माझ्याच बोटांनी घासलेलं होतं ते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं.

"नंबर घाला," मी दातोबांना म्हणाले.

"नाव नको?"

"नको. बाकीच्यांसारखा नंबर घाला. कामाला लावा त्यांना."

दातोबांनी चिठ्ठीवर नंबर लिहिला. ती काचेच्या कडेला चिकटवली. मग मात्र मी पडवीच्या पायरीवर बसून रडले, आणि ते दोघं बोळक्या तोंडांनी, माझ्याकडे न बघता, कवळी कुठे टोचते यावर बोलत राहिले.

पुढे दातोबा थकले आणि पुण्याला बहिणीकडे गेले. जाण्यापूर्वी पेट्या मुंबईच्या एका कॉलेजला देऊन टाकल्या. दोनेक वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग विचारलं, "पोरं बघत असतील ना गं त्याच्याकडे? त्या यंत्रातून?"

"बघतात की."

"रोज?"

"रविवार सोडून," मी म्हणाले. "रविवारी कॉलेजला सुट्टी असते."

सासूबाईंना ते पटलं. त्यानंतर दर रविवारी त्या माझ्याशी त्याच्याबद्दल जरा जास्त बोलायच्या.