खिडकीची खुर्ची, रेडिएटरची खुर्ची

श्रीरंग गेल्याचं कळलं तेव्हा मी लंडनच्या क्रॉयडन भागातल्या ट्राममध्ये होतो. मीनलचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "अवी, श्री गेला रे... सकाळी. शाळेत जायला शूज घालत होता." मी विचारलं, "कुठे गेला?" हा प्रश्न मी खरोखर विचारला. विचारल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा स्टॉप मागे गेला, पुढचाही गेला, मी बसूनच राहिलो. तीस वर्षांपासूनचा मित्र, पेशाने शिक्षक. आदल्याच रविवारी ईलिंगला त्याच्या घरी बसून आम्ही व्याजदरांवर घसा बसेपर्यंत भांडलो होतो. निघताना तो दारात उभा राहून ओरडला होता, "पुढच्या वेळी तू खिडकीत!"

दोन-तीन दिवसांनी त्याच्या मुलीचा, ईराचा, फोन आला. ती इथेच जन्मली, आता ग्लासगोला डॉक्टर आहे. शोकसभेत तिला बोलायचं होतं. "काका, मला बाबावर स्पीच द्यायचाय, बट आय एम टोटली स्टक. मी टॅक्स वाढवा म्हटलं की तो म्हणायचा कमी करा. आई कमी करा म्हणाली की तो वाढवा. मग त्याला खरं काय वाटायचं? तुम्ही त्याचा बेस्ट फ्रेंड ना? मला फक्त एक लाइन द्या." मी मोठ्या तोऱ्यात "देतो" म्हणालो. फोन ठेवला आणि घाम फुटला. कारण मलाही माहीत नव्हतं.

यात त्याचा जेवढा दोष तेवढाच आमच्या खुर्च्यांचा. पुण्यात कॉलेजला आम्ही दोघं वादविवाद स्पर्धेच्या टीममध्ये होतो. बाजू आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरायची, त्यामुळे प्रॅक्टिस दोन्हीकडून करावी लागे. मेसच्या बाकावर समोरासमोर बसायचं, चहा येईपर्यंत एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. चहा झाला की जागा बदलायच्या आणि मगाशी ज्याच्या चिंध्या केल्या त्याचीच तळी उचलायची. पुढे मी सॉफ्टवेअरमधून लंडनला एका बँकेत आलो, तो शाळेत गणित शिकवायला आला, आणि ही खोड आमच्याबरोबर व्हिसाशिवाय आली. त्याने चॅरिटी शॉपमधून सेकंडहँड, लाकडी हातांच्या दोन खुर्च्या आणल्या. एक खिडकीशी, एक रेडिएटरजवळ, म्हणजे भिंतीवरच्या हीटरजवळ. खिडकीची बाजू आणि रेडिएटरची बाजू काय, ते दर रविवारी आधी ठरायचं. चहानंतर उठायचं, कप हातात घेऊन समोर जाऊन बसायचं. मीनल म्हणायची, बाकीच्यांकडे संगीतखुर्ची पोरं खेळतात, आमच्याकडे हे दोन घोडे.

बँका कोसळायला लागल्या त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती आणि आम्हाला पर्वणीच लाभली. खिडकीच्या बाजूला तो तरुण, फर्डा वक्ता असलेला उमेदवार, रेडिएटरच्या बाजूला त्याच्या विरोधातला म्हातारा माजी सैनिक. कर कुणाचे कमी करावेत, घरं जप्त होतायत त्यांचं काय, बाजार मोकळा सोडावा की वेसण घालावी... आम्ही इतके तावातावाने बोलायचो की शेजारची म्हातारी एकदा विचारायला आली, सगळं ठीक आहे ना. मीनल बटाटे सोलता सोलता म्हणाली, "इथे कौन्सिलच्या इलेक्शनला तुम्हाला व्होट आहे, कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून. पोलिंग स्टेशन कोपऱ्यावर आहे. तिथे दोघं फिरकला नाहीत, आणि प्रेसिडेंट कुणाचा निवडताय?" श्रीरंग अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मीनल, कौन्सिलमध्ये तत्त्वाचा प्रश्न नसतो. तिथे फक्त कचऱ्याचे डबे असतात." तिने सोललेला बटाटा त्याच्या हातात दिला आणि आणखी दहा आहेत म्हणून सांगितलं.

मग आमची पंचाईत झाली. बँकांना सरकारी पैशाने वाचवायचं ठरलं तेव्हा दोन्ही उमेदवार तिकडे एकाच बाजूला जाऊन उभे राहिले. आता भांडायचं कशावर? श्रीरंग चिडलाच, म्हणाला, "साले, आपला विचारच करत नाहीत." म्हणून आम्ही उमेदवारांना रजा दिली आणि प्रश्न सरळ केला. खिडकी म्हणणार बँका वाचवा. रेडिएटर म्हणणार बुडू द्या.

त्या रविवारची गोष्ट मला सांगायची आहे, कारण ईराला द्यायची ओळ तिथेच कुठेतरी आहे असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये आम्हाला एका खोलीत बोलावून सांगितलं होतं की आमचा विभाग बंद होतोय. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, मुलाची शाळा अर्ध्यावर सोडून. घरच्यांखेरीज कुणाला बोललो नव्हतो, श्रीरंगलाही नाही. तसाच ईलिंगला गेलो, कारण रविवारी न जाणं म्हणजे काहीतरी झालंय हे कबूल करण्यासारखं होतं. इतकी वर्षं मला आठवत आलंय ते असं: मी खिडकीत, श्रीरंग रेडिएटरजवळ, आणि तो म्हणाला, "बुडू देत ना! आणि त्यांच्या जिवावर मजा मारणाऱ्यांनाही एकदा पाण्याची खोली कळू दे." ते माझ्या काळजात घुसलं. चहा झाला, मी कप घेऊन उठलो. तो उठला नाही. रेडिएटरला पाठ टेकून बसून राहिला आणि म्हणाला, "आज नको रे. राहू दे." एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच बाजू बदलत नव्हता. म्हणजे हे त्याचं खरं मत होतं, असा मी अर्थ काढला. शाळेत पक्की नोकरी असलेल्या माणसाला असं बोलणं परवडतं, असंही मनात आलं. मला पुढे दुसरं काम मिळालं, आम्ही इथेच राहिलो, श्रीरंगशी दर रविवारी भांडत राहिलो. पण ते वाक्य मी त्याच्याजवळ कधी काढलं नाही. मनात मात्र सल राहिला होता.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी मीनलकडे गेलो. ईराही आली होती. मनात म्हटलं, सांगून टाकू. राग आता कुणावर धरायचा? मी तो रविवार सांगितला. नोकरीचंही सांगितलं. मीनलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अवी, तू उठला नव्हतास त्या दिवशी."

"म्हणजे?"

"श्री किचनमध्ये आला होता, हातात कप तसाच. म्हणाला, अवी आज उठतच नाहीये, त्याचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, जाऊन विचार. तर म्हणाला, सांगायचं असेल तर सांगेल, मी कशाला उकरू. पुढे कितीतरी दिवस दर रविवारी तू गेलास की मला विचारायचा, तुला अवी बरा वाटला का?"

मी ठामपणे म्हणालो, शक्यच नाही. माणसाला आपलं दुःख तरी नीट आठवतं. हे सिद्ध करायला म्हणून मी हॉलमध्ये जाऊन खिडकीच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीतून किचनचं दार दिसत नाही, ते पाठीमागे येतं. आणि त्या दिवशी मीनल चहाचा ट्रे घेऊन दारातून येताना मला समोरून दिसली होती, तिने निळा ॲप्रन घातला होता, हे मला आजही स्वच्छ आठवतं... मी उठलो आणि रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसलो. पाठीला ऊब लागली. समोर दार.

मग बुडू देत, असं कोण म्हणालं होतं? रेडिएटरच्या खुर्चीत मी असेन तर ते मीच म्हणालो होतो. स्वतःच्या बँकेवरच्या रागाने, स्वतःबद्दलच. आणि समोर खिडकीत बसलेला श्रीरंग, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तो बँका वाचवा, त्यात माणसं असतात, असं काहीतरी म्हणत असणार. ते मला अजिबात आठवत नाही. की निळा ॲप्रन दुसऱ्याच रविवारचा? मीनललाही चुकीचं आठवत असेल? असे रविवार इतके झाले की ते एकमेकांत मिसळून गेलेत. विचारायचं ज्याला, तोच नाही. ज्या माणसाने माझी इतकी काळजी केली त्याच्यावर मी इतकी वर्षं मनातून रुसलो होतो, की तोच खरंच तसं बोलला होता आणि तरीही काळजी करत होता? मला कळत नाही. मी तिथेच बसून रडलो, अगदी हमसून. ईराने पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली.

तिला ओळ काही मी देऊ शकलो नाही. सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाबाची साइड काय होती ते आईला माहीत नाही. मला माहीत नाही. अवीकाकाला पण माहीत नाही. पण तो नेहमी आपल्या समोर बसायचा." लोक हसले. मग काहींनी रुमाल काढले.

मीनल आता घर आवरून ग्लासगोला ईराजवळ राहायला गेली आहे. जाताना म्हणाली, एक खुर्ची तू ने, एक मी ठेवते. कुठली नेऊ, हे ठरवायला मला तासभर लागला. शेवटी रेडिएटरजवळची आणली आणि माझ्या हॉलमध्ये ठेवली. रविवारी तिच्यात बसतो, बातम्या लावतो. कुठे ना कुठे निवडणूक असतेच, कुठली ना कुठली बँक डगमगतच असते. समोर दुसरी खुर्ची नाही. चहा झाला की मात्र सवयीने कप हातात घेऊन उठतो... आणि खोलीच्या मधोमध उभा राहतो.