देवाची कव्हरं घातलेल्या कादंबऱ्या

"कपाटातली ती पुस्तकं घेऊन जा, सुनीता. मामांच्या हाती लागायच्या आत…" हॉस्पिटलात कामाक्षी मामी माझ्याशी शेवटचं बोलल्या ते एवढंच. मी हो हो म्हटलं आणि उद्यावर ढकललं. तीन दिवसांनी मामी गेल्या.

कुवेतमधल्या सालमियात मामा-मामी आमचे शेजारी, दारं समोरासमोर. मामी कुंभकोणमच्या, पण लग्नानंतर काही वर्षं माटुंग्यात काढलेली, त्यामुळे दोघांचंही मराठी झकास. तमिळ पॉकेट कादंबऱ्यांचं मामींना भारी वेड. नवऱ्याला सोडणाऱ्या, विधवा असून प्रेमात पडणाऱ्या बायकांच्या गोष्टी. चांगल्या घरच्या बाईनं हातही लावू नये अशा. माहेरी एक सापडली तेव्हा वडिलांनी ती बंबात घातली आणि महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. म्हणून इथे प्रत्येक कादंबरीला कॅलेंडरवरच्या देवाचं कव्हर. शुक्रवारी स्तोत्रपठणाला पाच-सहा तमिळ बायका जमायच्या. निघताना प्रत्येकीला पिशवी मिळायची. वर विड्याची पानं, हळकुंड, नारळ आणि तळाशी कादंबरी. एकदा त्यातली एक चुकून माझ्याकडे आली. मला कुठलं तमिळ वाचता येतंय? स्तोत्र समजून देव्हाऱ्यात ठेवली, रोज हळदकुंकू वाहिलं. महिन्याभरानं मामींनी ते पाहिलं आणि तिथेच खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, ही तर दिराबरोबर पळून जाते…"

त्यानंतर दुपारी कॉफी करता करता मला गोष्टी सांगायच्या. एरवी मामांसमोर दबून बोलणारी बाई, तेव्हा आवाज कसा मोकळा सुटायचा. त्या मामी मला फार आवडायच्या.

मामा क्रियाकर्म उरकून गावाहून परतले, त्याच संध्याकाळी मी आमटीभाताचा डबा घेऊन गेले. उशीरच झाला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्या कादंबऱ्या मांडलेल्या, मामा समोर बसलेले.

"तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तीस वर्षं… मला एवढी घाबरायची ती?"

नाही हो, काहीतरीच काय, असं तोंडाशी आलं होतं. पण मामींचं एकदा वेळेत ऐकलं नव्हतं, आता खोटं बोलवेना. "हो मामा," म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले. "मला सांगायचं होतं तिनं. मी आणून दिली असती…" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नसती दिली."

पुस्तकं मी आणली नाहीत. मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीतली ड्युटी संपवून आले की मामा रोज त्यातलं थोडं थोडं वाचतात.