आमच्या बांबूवर आलेलं चंद्रपूर

माझ्या मायला कुणी ‘होत नाही’ म्हटलं की तिच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. एरवी ती स्वभावानं शांत आहे असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू? तिच्या पोटी जन्मलेली मीही काही गरीब गाय नाही.

गेल्या पावसाळ्यात माय अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तीन महिने खाट सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मायनं बोटांवर महिने मोजले. सोळा ऑक्टोबर त्या तीन महिन्यांच्या आतच पडत होता. छप्पन्न साली त्या दिवशी चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा माय आठ वर्षांची होती आणि बापाच्या खांद्यावर बसून त्या मैदानात गेली होती. त्यानंतर तिनं एकही वर्ष चुकवलं नव्हतं. तापात गेली, ओल्या बाळंतपणात गेली, माझा बाप वारला त्या वर्षीही गेली.

“जाणं नाई होत, ठीक हाय,” ती मला म्हणाली. “पण मले ते पाह्याचं हाय. टीव्हीवर. आपल्या घरी.”

‘आपल्या घरी’ म्हणताना तिचा आवाज का चढला, ते सांगायचं तर मला मागं जावं लागेल.

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला टेकून. धानाच्या बांध्या, एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि अख्ख्या गावात एकच टीव्ही. तो मोठ्या घरी होता. मोठं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. सातच्या बातम्यांना अर्धं गाव तिथं जमायचं. ओसरीवर बसणारे ओसरीवर बसायचे, आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले अंगणात. कुणी रेघ आखून दिली नव्हती, पण कुठं थांबायचं ते आमच्या पायांना ठाऊक होतं.

त्या वर्षी माय चंद्रपूरहून आली ती फुलून गेलेली. कॅमेरेवाले तिच्या रांगेजवळून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला घेऊन मोठ्या घरी गेली. “पाह्यजो, मी दिसन,” ती मला सांगत होती. बातम्यांत चंद्रपूरचं नाव आलं. पांढऱ्या लुगड्यांची गर्दी दिसली न दिसली, तोच मोठ्या घरचा म्हातारा उठला आणि त्यानं टीव्हीची कळ फिरवली. चित्र आकसून ठिपक्याएवढं झालं आणि विझलं.

“झालं आजचं,” तो म्हणाला. बातम्या अर्ध्याही झाल्या नव्हत्या. त्याच्या शेजारी त्याचा तरणा मुलगा बसला होता. तो पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिला.

माय भांडली नाही. माझा हात धरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चाल. आपला बांबू उभा करू.”

पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम संपला आणि त्या मजुरीतून आमच्या घरी काळापांढरा टीव्ही आला. बांबू मायनं स्वतः तोडला. तोही अंधाऱ्या पाखात, कारण चांदण्या पाखात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. तेव्हा जंगल सरकारचं होतं आणि बांबू तोडणं म्हणजे चोरी. फॉरेस्ट गार्डनं वाटेत अडवलं, तर माय म्हणाली, “घराचा खांब होय.” खोटं काय होतं त्यात? त्या बांबूच्या टोकाला आम्ही अँटेना बांधला आणि टेकडीवरच्या टॉवरची दिशा भिंतीवर चुन्यानं मारून ठेवली. मोठ्या घरची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. आधी तरी कुठं चढत होतो म्हणा! पण मायला तिची झलक काही परत मिळाली नाही. पुढं कितीदा चंद्रपूर दाखवलं, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

मग टेकडीवरचा टॉवर बंद पडला. गावात घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या आणि आमचा अँटेना माकडांच्या बसण्याच्या कामी आला. मी सिंदेवाहीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, मायला टीव्हीची फारशी आठवण राहिली नाही. खुबा मोडेपर्यंत.

मी छत्री लावणाऱ्याला बोलावलं. त्यानं आभाळाकडं पाहिलं, आमच्या अंगणातल्या मोहाच्या झाडाकडं पाहिलं आणि हात झटकले. “ताई, हे झाड तोडा लागते. छत्रीले मोकळं आभाळ पाह्यजे.”

आतून खाटेवरून माय ओरडली, “तुह्या छत्रीले सांग सरकाले. मोह माह्या आधीचा हाय!”

मोबाइलचा तर विषयच नको. आमच्या घरात रेंज येत नाही. बोडीच्या पाळीवर जाऊन उभं राहावं लागतं, आणि मोडक्या खुब्याची बाई बोडीवर कशी न्यायची?

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून मोठ्या घरचा मुलगा आला. मुलगा कसला, साठी ओलांडलेला माणूस. म्हातारा कधीच वारला, आता घर याचं. “बाई, माह्या स्लॅबवर लावा ना छत्री,” तो दारातून मायला म्हणाला. “तार इकडं ओढून घेऊ.”

आज मी मान्य करते की तो मनापासून बोलत होता. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मायनं उत्तर दिलं ते शांतपणे. “नोको भाऊ. त्या घरून आलेलं चित्र मले नाई पाह्याचं.”

तो गेला. मला बरं वाटलं, आणि लगेच घामही फुटला. कारण आता चित्र आणायचं कुठून?

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं वाट दाखवली. दूरच्या एका मोठ्या टॉवरवरून आता डिजिटल प्रक्षेपण येतं म्हणे, हवेतून, जुन्या टॉवरसारखंच. छत्री लागत नाही. साधा अँटेना आणि टीव्हीजवळ एक छोटा डबा, बस. मी नवा टीव्ही आणि तो डबा आणला आणि मायपुढं मोठ्या रुबाबात म्हटलं, “आता पाह्य तू. विज्ञान शिकवतो मी.”

जुना बांबू कुजला होता. नवा हवा होता आणि आता त्यासाठी खोटंही बोलावं लागणार नव्हतं, कारण गावच्या जंगलावरचा हक्क ग्रामसभेला मिळालाय. मी कोयता उचलला तर माय म्हणाली, “अंधारा पाख लागू दे.”

“माय, सोळा तारीख येऊन राह्यली!”

“येऊ दे. भुंगा लागलेला बांबू माह्या दारात नाई पाह्यजे.”

चार दिवस त्यात गेले. अखेर बांबू उभा राहिला, मोहाच्या शेंड्याला टेकेल एवढा. मी तो बुडाशी धरून फिरवू लागले आणि आतून माय पडद्यावर नजर ठेवून ओरडू लागली. “नाई! नाई! अजून नाई!” मी डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला, पूर्ण गोल फिरवला. दोन संध्याकाळी बांबू घुसळून माझ्या तळहाताला फोड आले. पडद्यावर निळ्या पाटीशिवाय काही नाही. मोठ्या घरचा भाऊ त्याच्या स्लॅबवरून सगळं पाहत होता. त्याच्यामागं त्याची छत्री ऐटीत उभी होती. मला वाटलं, हा मनातून हसत असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा तारखेला संध्याकाळी मी बांबू सोडून दिला आणि आत येऊन मायच्या पायथ्याशी बसले. “होत नाई, माय,” मी म्हणाले. मला रडू आलं. तिच्यासाठी नाही, स्वतःच्या रागानं.

माय मला ‘रडू नको’ वगैरे म्हणाली नाही. ती म्हणाली, “तू थांबतच नाईस. गळ टाकून लगेच ओढला तं मासा येते का? तू बांबू फिरवतं तवा हा डबा इचार करून राह्यते. त्याचा इचार होण्याआधीच तू पुढं जातं.”

दिव्याखाली अंधार! जुन्या टीव्हीत दिशा जवळ आली की पडद्यावरच्या मुंग्या कमी व्हायच्या, चित्र हळूहळू उमलायचं. फिरवता फिरवता कळायचं. आम्ही सगळे तेच शिकलो होतो. डिजिटलमध्ये अर्धं चित्र नसतंच. सगळं येतं किंवा काहीच येत नाही, आणि डब्याला सिग्नल पकडायला थोडा वेळ द्यावा लागतो. दोन दिवसांत मी त्या टॉवरच्या तोंडासमोरून शंभरदा गेले असेन आणि एकदाही थांबले नव्हते. खाटेवर पडून तो डबा न्याहाळणाऱ्या बाईला जे कळलं, ते विज्ञानवालीला कळलं नाही.

सोळाला सकाळी मी रजा टाकली. मायनं पांढरं लुगडं नेसवून घेतलं. मग रीत ठरली. मी बांबू एक बोट सरकवायचा आणि हात सोडायचा. आत माय ‘बुद्धं सरणं गच्छामि’चं त्रिशरण म्हणणार, तिन्ही वेळा, सावकाश. ते संपलं की डब्याकडं पाहणार. मगच “नाई” म्हणणार. एक बोट, एक त्रिशरण. एक बोट, एक त्रिशरण. शेजारच्या बायकांना वाटलं पूजापाठ चाललाय. दुपारचं जेवण राहिलं. चुन्याच्या जुन्या रेघेपासून बांबू पार पाठमोरा झाला, तेव्हा आतून त्रिशरणाचा आवाज मध्येच थांबला.

“माय?”

“हात नोको लावू!” ती किंचाळली. “माणूस दिसते! बोलून राह्यला!”

मी जिथल्या तिथं बांबू तारेनं आवळला. मग आत गेले. चित्र इतकं स्वच्छ होतं की निवेदकाच्या सदऱ्याची शिवण दिसत होती.

संध्याकाळी पाऊस आला. परतीचा, ढगांचा काळाकुट्ट थर घेऊन. लाइट कशी टिकली कुणास ठाऊक. आमचं चित्र हललंसुद्धा नाही. बातम्या सुरू व्हायच्या बेतात असताना अंगणात कुणीतरी उभं दिसलं. मोठ्या घरचा भाऊ, डोक्यावर पोतं घेतलेला.

“बाई,” तो म्हणाला, “ढगानं माही छत्री बंद पडली. तुमच्याकडं दिसून राह्यलं का?”

मी काही बोलायच्या आत माय बोलली. “आत या भाऊ. आमच्याकडं अंगणात कोणी बसत नाई.”

तो चिखलाचे पाय पुसून आत आला आणि खाटेजवळच्या खुर्चीत बसला. मायनं उशीजवळचा रिमोट उचलला आणि त्याच्या हातात दिला. “धरा,” ती म्हणाली. “आता चंद्रपूर येईन. बंद करायचं असन तं करा.”

त्याचं तोंड उतरलं. त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांनी फक्त आम्हालाच आठवतं.

चंद्रपूर आलं. पांढऱ्या लुगड्यांचं मैदान, बापांच्या खांद्यावर बसलेली लेकरं. जेमतेम अर्धं मिनिट असेल. माय हात जोडून बसली होती आणि डोळे पुसत नव्हती. त्यानं रिमोट दोन्ही हातांत धरला होता.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आवाज वाढवू का?”

“वाढवा,” माय म्हणाली. “तुमच्या ओसरीपर्यंत जाऊ द्या.”