तार पिळली होती का?

नामदेवभाऊ गेल्याची बातमी मला एस.टी.च्या ड्रायव्हरने सांगितली. मी लसीकरणासाठी आतल्या एका गावात होते. शाळेच्या वऱ्हांड्यात बायामुलांची रांग लागलेली, आणि सकाळची गाडी समोरच्या रस्त्यावर थांबली. ती तिथे कधी थांबत नाही. ड्रायव्हर उतरून माझ्यापर्यंत चालत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "सिस्टरबाई, तुमचे फौजीभाऊ गेले. काल सांजच्याले, गडचिरोलीच्या दवाखान्यात." खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. मी परवा परत येणार होते, दोन दिवस थांबता आलं नसतं का या माणसाला... मग मी रांगेतल्या पुढच्या बाळाला सुई टोचली, त्याने टाहो फोडला, आणि त्याच्या आवाजात माझंही थोडं रडून झालं. आता महिना उलटून गेला आहे. नामदेवभाऊंबद्दल धानोऱ्यात जो तो आपापली गोष्ट सांगतो आहे, आणि प्रत्येक सांगण्यात त्यांच्यामागे एक भूत जोडलं जातं आहे. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. भूतखेत, अंगात येणं, उतारे, यातलं काही आमच्या घरात चाललं नाही आणि आजही चालत नाही. म्हणून जे मी पाहिलं तेवढंच लिहून ठेवते आहे, वर मीठमसाला न टाकता.

धानोऱ्याला आम्ही एकाच घराच्या दोन भागांत भाड्याने राहत होतो. एकीकडे मी आणि माझी मुलं, नवरा आरमोरीच्या शाळेत मास्तर, तो शनिवारी यायचा. पलीकडे नामदेवभाऊ, एकटे. मूळचे आरमोरीचेच. हवाई दलात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते, पेन्शन घेऊन परत आले आणि पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीच्या कामाला लागले. विमानं उघडून जोडणारा माणूस बोरिंगच्या दांड्याला ग्रीस लावत जंगलात का हिंडतो, हे कुणालाच कळत नसे. माझी गावं आणि त्यांचे पंप एकाच पायवाटांवर, त्यामुळे आठवड्यातून दोनदा-तीनदा आम्ही बरोबरच निघायचो. माझ्या खांद्याला लसीचा डबा, त्यांच्या सायकलला पान्यांची पिशवी. त्यांच्या एका सवयीने मात्र माझा जीव नकोसा व्हायचा. पंप सुरू झाला, गावाने चहा पाजला, आम्ही मैलभर चालून आलो, की ते थांबायचे. "बाई, तो खालचा नट मी आवळला ना?" "आवळला ना भाऊ." "तुमी पायलं?" "पायलं." "नक्की?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता मागे फिरायचे. मी झाडाखाली बसून चरफडत राहायची. एवढा हुशार माणूस, आणि स्वतःच्या हातावर काडीचा भरवसा नाही.

त्याचं कारण त्यांनी एका दुपारी, नाल्याच्या काठी डबा खाताना सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात दक्षिणेकडची गावं पुरात अडकली होती, त्यांच्यासाठी औषधं घेऊन हेलिकॉप्टर निघालं. आत दोन वैमानिक आणि करतार नावाचा पंजाबी मेकॅनिक. करतार नामदेवभाऊंच्या बरोबरीचा. दोघांनी मिळून ते एकच यंत्र सांभाळलेलं, एकाच खोलीत राहिलेले. ते हेलिकॉप्टर परत आलं नाही. बिनतारी संदेश शेवटचा आला तो आमच्या या डोंगरांवरून. शोध झाला, पण खाली हिरवं गच्च जंगल आणि वर ढग. 'बेपत्ता, कारण अज्ञात' असं लिहून फाइल बंद झाली. त्या सकाळी शेपटीच्या पंख्याचा एक नट नामदेवभाऊंनी आवळला होता. असा नट नुसता आवळून भागत नाही. थरथरीने तो सैल होतो, म्हणून त्याच्या भोकातून बारीक पोलादी तार ओवून ती पक्कडीने पिळून बांधतात. यांनी नट आवळला, तार घ्यायला वळले, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. साहेबांचं काम करून आले आणि वहीत सही केली. मधे तार पिळली होती का, ते त्यांना आठवत नव्हतं. "पक्कड आठवते बाई, हात आठवते. पण ते रोजचं आठवून राह्यलं का त्या दिवशीचं, ते समजत नाई." चौकशीत त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, शिक्षा झाली असती, तर बरं झालं असतं म्हणायचे. त्यांना फक्त तो नट पाहायचा होता. तार असली तर तीन माणसं त्यांच्या हातून मेली नव्हती, नसली तर मेली होती. पेन्शनीनंतर ते या जंगलात आले ते एवढ्यासाठी.

गावोगाव पंप नीट करून झाला की ते म्हाताऱ्या माणसांशेजारी बसायचे आणि विचारायचे, इकडं कधी विमान पडलं होतं का? सगळीकडे एकच उत्तर, नाई. काही जण सांगताना जमिनीकडे पाहायचे. मी म्हणायची, भाऊ, यांना माहीत असतं तर सांगितलं नसतं का? ते म्हणायचे, "माहीत असन म्हणूनच सांगत नसन."

डोंगरापलीकडे एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती आहे, तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या वाटेवर खिंडीत दगडांची एक रास आहे. आमच्याकडे जंगलात कुणी अवचित मेलं, वाघाने नेलं की मोहाच्या झाडावरून पडलं, तर त्या जागेवरून जाणारा-येणारा एकेक दगड ठेवतो. अशा राशी मी खूप पाहिल्यात. ही मात्र उंचीला माझ्या डोक्याएवढी आणि लांबीला बैलगाडीहून मोठी होती. एका मेलेल्या माणसासाठी एवढे दगड कशाला, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही याचं आज नवल वाटतं. तिथली रीत अशी, की दगड ठेवायचा, आपलं नाव सांगायचं, कुठे चाललो ते सांगायचं, आणि काहीतरी वाजेपर्यंत थांबायचं. वाजलं म्हणजे परवानगी मिळाली. मी काही दगड ठेवत नसे, पण नामदेवभाऊ न चुकता ठेवायचे. "मी नामदेव. आरमोरीचा. टोल्यावर चाललो, पंप बिघडला. जाऊ दे बाप्पा." मग उभे राहायचे. कधी पान पडे, कधी खाली नाल्यात पाखरू ओरडे, आणि ते सायकल उचलत. जंगलात उभं राहिलं तर काही ना काही वाजणारच, हे मी त्यांना दरवेळी ऐकवायची. पण एकदा मी चिडून पुढे निघून गेले आणि वळून पाहिलं. ते मान कलती करून उभे होते, समोरचा माणूस हळू बोलत असला की आपण राहतो तसे. त्यानंतर त्यांना तिथे एकटं सोडून मी पुढे गेले नाही.

गेल्या वैशाखात टोल्यावरचं काम आटोपून आम्ही परत निघालो, तेव्हा तिथला गायता, म्हणजे गावचा पुजारी, दसरूबाबा आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत यायला निघाला. राशीपाशी नामदेवभाऊंनी दगड ठेवला, नाव सांगितलं. आणि काही वाजलं नाही. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, एवढ्या रानात एक किडासुद्धा किरकिरत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला माझा स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला आणि तो मला आवडेना. मी खोकणार होते, म्हणजे एकदाचं काहीतरी वाजेल आणि आम्ही सुटू... पण खोकले नाही. दसरूबाबा उकिडवा बसून हे सगळं बघत होता. शेवटी तोच बोलला.

"कितीदा सांगशील त्याले तुझं नाव? सहा वर्सं झाले. पाठ झालं त्याले आता."

नामदेवभाऊ हसले. "कोणाले बाबा?"

"ज्याले शोधून राह्यला त्याले."

मग त्याने सगळं सांगितलं, सावकाश, मधे मधे तंबाखू मळत. ढग खाली उतरलेले असताना विमान डोंगराला लागलं. तीनही माणसं मेलेली होती. कळवावं तर पोलीस येणार, गावातले सगळे बाप्ये धरून नेणार. म्हणून गावाने एकमेकांना शब्द दिला की बोलायचं नाही. माणसांना आपल्या रीतीने मातीत ठेवलं, वर यंत्राचे तुकडे रचले आणि वर दगड. "काही पत्रे आमी घरी नेले, खोटं काऊन बोलू? माह्या धानाच्या कोठीवर झाकण हाय, ते तेच." त्या कोठीला टेकून आम्ही दोघं कितीदा जेवलो होतो. मी विचारलं, मग आजच का सांगितलं? "हा पोलीस नाई, हे समजाले येवढे वर्सं लागले. आन आज त्यानं जवाब देला नाई, तवा मीच देलो." नामदेवभाऊंनी नुकताच ठेवलेला दगड परत उचलून हातात धरला. ज्या नटासाठी आयुष्य घालवलं त्याच्यावर सहा वर्षं ते स्वतःच्या हाताने दगड रचत होते, आणि करतारला दरवेळी आपलं नाव सांगून पुढे जात होते.

रास उघडायची का, यावर गाव दोनदा बसलं. ठरलं ते असं, की दगड फक्त नामदेवभाऊंनी काढायचे, फक्त शेपटीच्या बाजूने, मातीला हात लावायचा नाही, आणि सूर्य मावळायच्या आत एकूण एक दगड परत ठेवायचा. मला हात लावायची मुभा नव्हती. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. सकाळपासून ते काढलेला दगड ओळीने मांडत होते. भर दुपारी आतून राखाडी धातू दिसला. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने एक जागा पुसली आणि हात मागे घेतला. "बाई, तुमी पाहा. माह्या डोयावर माहा भरोसा नाई." मी वाकून पाहिलं. बोटाएवढा नट, आणि त्याच्या भोकातून गेलेली बारीक तार, चांगली घट्ट पिळलेली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "तार हाय भाऊ. सुटले तुमी." ते वाकले, आणि पिळावरून अंगठा फिरवत राहिले, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हा माहा हात नाई."

करतार डावखुरा होता. त्याचा पीळ उलटा बसायचा आणि त्यावरून तो साहेबांची बोलणी खायचा. हा पीळ उलटा होता. म्हणजे त्या सकाळी नामदेवभाऊ तार विसरलेच होते. करतारने उडायच्या आधी यंत्राभोवती फेरी मारली, नट उघडा पाहिला, तार पिळली, कुणाला काही बोलला नाही आणि आत चढून बसला. नट जागचा हलला नव्हता. त्यांना मारलं ते ढगाने आणि डोंगराने. नामदेवभाऊंनी दगड परत रचायला घेतले, आणि शेवटचा दगड ठेवेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वाटेत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. ज्याच्यासाठी वीस वर्षं झुरलात तो पुरावा तिथेच पुरून आलात? ते म्हणाले, "ते त्याचं काम हाय. मी कसा खिशात घालू?" गावाला विचारूनच त्यांनी हवाई दलाच्या कार्यालयाला नकाशा काढून पत्र पाठवलं. पत्र मिळाल्याची पोच आली, माणसं अजून आलेली नाहीत. त्या दिवसापासून ते पंपाचा नट पाहायला मागे फिरेनासे झाले, आणि मला वाटलं, चला, सुटला हा माणूस. पण मग वाटेने चालताना दुसरंच सुरू झालं. "त्यानं मले सांगितलं काऊन नाई?" मी म्हणायची, घाई असेल. "घाई नोयती. तो वापस येऊन सांगणार होता, सांजच्याले, चाय पेताना, सगळ्यायच्या समोर. महिनाभर चिडवलं असतं त्यानं मले. तेवढं राह्यलं." पुन्हा पुन्हा हेच. मला वाईट वाटायचं आणि कंटाळाही यायचा, दोन्ही खरं आहे.

थंडीत त्यांचं छातीचं दुखणं निघालं. लसीकरणाच्या शिबिराला निघायच्या दिवशी दुपारी मी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले. ताप नव्हता, मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिला. भान पूर्ण होतं. माझ्या मुलांची चौकशी केली, माझी गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून नाडी धरली. डाव्या बाजूला, खाटेला लागून, नातेवाइकांसाठी असतं तसं एक लोखंडी स्टूल होतं, रिकामं. वीज गेलेली, पंखा बंद, वॉर्डातली माणसं जेवून पडलेली. त्यांनी स्टुलाकडे तोंड वळवलं आणि हिंदीत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हाँ करतारे, भूल गया था मैं. अब बोल ले, जो बोलना है."

आणि ते ऐकू लागले. मधेच मान हलवत होते, एकदा "अच्छा, अच्छा" म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते हसायला लागले, चारचौघांत फजिती झाल्यावर माणूस हसतो तसं, चादर तोंडावर ओढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी नाडी मोजत होते. आकडा चुकला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत नाडी मोजताना मी कधी चुकले नव्हते. ते हसतच होते. गाडीची वेळ झाली तशी मी त्यांचा हात खाली ठेवला, पिशवी उचलली. दाराकडे जायची वाट डाव्या बाजूने होती. त्या स्टुलाला वळसा घालून, भिंतीला घासून, मी बाहेर आले.